हजार डोस, चौसष्ट पिल्लं आणि गोराईची खाडी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दर वर्षी कुणीतरी परदेशी जाऊन येतं आणि त्याची शिक्षा बाकीच्यांना भोगावी लागते. गच्चीवर टीव्ही चढवतात, मोबाइलमधले फोटो त्यावर लावतात, आणि वेफर्सच्या एका पुड्यावर आपण अडीच तास स्वित्झर्लंडचा बर्फ बघत बसतो. मी लशींच्या एका गोदामात तीस वर्षं गार खोली सांभाळली. भर मे महिन्यात स्वेटर घेऊन कामाला जाणारी मुलुंडमधली मी एकटीच बाई असेन, त्यामुळे मला बर्फाचं कौतुक कुणी सांगू नये. यंदा मीही जाहीर केलं की मी प्रवासाला निघाले आहे, आल्यावर सगळं लिहून काढणार आहे आणि ते सगळ्यांनी वाचायचं आहे. कुठे, असं विचारल्यावर मी गोराई म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना हसून हसून ठसका लागला. पण आमच्या बत्तीस बिऱ्हाडांतलं एकही माणूस गोराईला गेलेलं नाही, हे मी तिथल्या तिथे विचारून घेतलं. स्वित्झर्लंडला चौघं जाऊन आलेत.

आता कारण. दर उन्हाळ्यात आमच्याकडे सुके बोंबील घेऊन हिराबाई येते. ती गोराईची कोळीण. वीस वर्षं झाली, आमच्या जिन्यात टोपली उतरवून ती चहा पिते आणि अख्ख्या खाडीच्या बातम्या देते. या खेपेला ती आली आणि चहा गार होईपर्यंत बोललीच नाही. नवरा गेल्यापासून ती घरापुढच्या अंगणात गावठी कोंबड्या पाळते. पण ओळीनं दोन वर्षं पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की पिसं फुलवून कोपऱ्यात बसायची, पांढरं हगायची आणि आठ दिवसांत मोठ्या कोंबड्याच तेवढ्या उरायच्या. रोगाचं नाव गंबोरो. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे पुढच्या पिल्लांसाठी तो आधीच तयार असतो. हिराबाईचा मुलगा रुपेश म्हणत होता की माती नासली, अंगणावर सिमेंट ओतू आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढू. शेवटी मायलेकांत ठरलं की अजून एकदाच पिल्लं काढायची. दीड महिन्यानंतर निम्म्याहून जास्त जगलेली असली तर अंगण आईचं. नसली तर सिमेंट, आणि आईनं त्यावर एक शब्द काढायचा नाही.

"लगीन होऊन आली तवापासून ते अंगन मी झाडतंय," हिराबाई म्हणाली. "नवऱ्याची जाली तितंच बसून विनली. आता पोर बोलतो माती खराब. तू लशीवाली ना गो? कायतरी सांग."

मी विचारलं, लस दिली होतीस का? पहिल्या वर्षी दिली, पण पिल्लं आजारी पडल्यावर. दुसऱ्या वर्षी धडा घेऊन पहिल्याच आठवड्यात पाण्यातून पाजली, तरी सगळी गेली. मी दहिसरच्या डॉक्टर अनुजाला फोन लावला. ही प्राण्यांची डॉक्टर, आमच्या गोदामातून माल नेताना नेहमी माझ्याशी भांडायची, म्हणून माझी लाडकी. ती म्हणाली, "काकू, त्या कोंबड्या रोगातून वाचलेल्या आहेत. त्यांच्या अंड्यातून पिल्लांना आईचे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, मिळतात. लस लवकर दिली की ते प्रतिपिंड तिलाच खाऊन टाकतात. उशिरा दिली तर रोग आधी पोचतो. मधला नेमका दिवस प्रत्येक पिल्लाचा वेगळा. आपण जोडलस देऊ."

जोडलस हे आमचं गोदामातलं नाव. त्यात जिवंत विषाणू आणि त्याला धरणारे प्रतिपिंड मोजून-मापून आधीच एकत्र केलेले असतात. ती पिल्लू जन्मल्या दिवशी एकदाच टोचायची. मेख अशी की एका कुपीत हजार डोस, आणि कालवल्यावर दोन तासांत संपवायचे. मोठ्या उबवणी केंद्रात हजार पिल्लं एका दिवशी निघतात, त्यांचं ठीक आहे. हिराबाईच्या कोंबड्या वाटेल तेव्हा अंड्यांवर बसतात आणि मनात येईल तेव्हा उठतात.

हिराबाईनं हा प्रश्न चहाच्या दुसऱ्या कपात सोडवला. आळीतल्या सगळ्या खुडूक कोंबड्या गोळा करायच्या आणि एकाच संध्याकाळी अंड्यांवर बसवायच्या. सात कोंबड्या, प्रत्येकीखाली अकरा अंडी. एकविसाव्या दिवशी पिल्लं. माझ्या प्रवासाची तारीख अशी कोंबड्यांनी ठरवली.

पहिला दिवस: डोंगराला वळसा

मुलुंडहून पश्चिमेकडे बघितलं की डोंगर दिसतो आणि त्या डोंगराच्या पलीकडे बोरिवली आहे. पक्षी असतो तर चहा उकळेपर्यंत पोचलो असतो. माणसाला मात्र एक तर ठाण्याकडून घोडबंदरनं जावं लागतं नाही तर पवईकडून अंधेरी करून. आमच्या ह्यांनी दोन्ही वाटांची निंदा केली आणि घोडबंदरच्या बसमध्ये खिडकी पकडली. माझे यजमान मालवणचे. गिरणीतल्या बापाचा मुलगा, बँकेत नोकरी, आता निवृत्त. प्रवास त्यांना आवडत नाही, पण मी एकटीनं केलेला त्याहून आवडत नाही.

माझ्या मांडीवर दोन वस्तू होत्या. एक छोटा थर्मास, त्यात आमच्या जुन्या गोदामातून आणलेली लशीची कुपी. दुसरा निळा लशींचा डबा, त्यात लस कालवायच्या खास पाण्याची बाटली, कारण ती थर्मासात मावेना. गार खोलीचा पहिला नियम असा की लस गार हवी, गोठलेली नको. म्हणून बर्फाची पाकिटं फ्रीजरमधून काढून तशीच लावायची नाहीत. बाहेर ठेवायची, त्यांना घाम फुटू द्यायचा, हलवून बघायचं. आत पाणी वाजलं की मगच डब्यात. तीस वर्षांत मी किती पाकिटं कानाशी धरून हलवली असतील याचा हिशेब नाही. बसमध्येही एकदा हलवलं, तेव्हा शेजारच्या बाईनं आपली पोर दुसऱ्या मांडीवर घेतली.

बोरिवलीला उतरून रिक्षानं धक्क्यावर गेलो. स्कूटरी, गॅसचे सिलेंडर, एक नवं कपाट आणि माणसं असं सगळं एकाच होडीत चढलं. खाडी ओलांडायला जेमतेम दहा मिनिटं लागतात, पण पलीकडे उतरल्यावर आवाजच बदलतो. खाऱ्या वाऱ्याला सुकत घातलेल्या जवळ्याचा वास होता. "ह्यो वास माका घरचो वाटता," हे म्हणाले आणि पहिल्यांदा जरा सैल झाले.

हिराबाईचं अंगण मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मनात काहीतरी मोठं धरून गेले होते, प्रत्यक्षात आमच्या सोसायटीच्या जिन्याखालची दुचाक्यांची जागा एवढंच असेल. एका बाजूला भेंडीचं झाड, भाजीची नव्हे, खाडीकाठची सावलीची, एका बाजूला खुराडं, मधोमध शेणानं सारवलेली जमीन. सात कोंबड्या सात टोपल्यांत, रागावलेल्या पाहुण्यांसारख्या आमच्याकडे डोळे वटारून बसलेल्या. कुंपणाशी ताडपत्रीखाली सिमेंटच्या गोणी रचून ठेवल्या होत्या. रुपेश आईच्या आधी तयारीला लागला होता. तो चांगला उंच, हसतमुख मुलगा निघाला, आणि मला त्याचा राग यायचा होता तो आलाच नाही. "मावशी, मला कोंबड्यांशी वैर नाय हो," तो म्हणाला. "पण दर वर्षी आई त्यांना पुरते आणि चार दिवस जेवत नाय. ते कोण बघणार?"

जेवायला चिंबोरीचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. रुपेशची बायको मनीषा वाढत होती. ह्यांनी पहिला घास घेतला आणि चौकशी केली, "ह्येका नारळ घालूक नाय?" मालवणी माणसाला नारळाशिवाय कालवण म्हणजे काहीतरी राहून गेलं असं वाटतं. हिराबाईनं शांतपणे सांगितलं की नारळ घालतात तो मासा शिळा असला की. त्यानंतर हे तीन भाकऱ्या जेवले आणि नारळाचं नाव काढलं नाही.

जेवताना हिराबाईनं विचारलं, "जिता रोग पिल्लांना टोचनार, आनि पिल्लं मरनार नायत? ते कसं?"

मी गोदामातल्या भाषेत सुरुवात केली. विषाणूला प्रतिपिंड चिकटलेले असतात, त्यामुळे तो लगेच काही करू शकत नाही. आईकडून आलेलं संरक्षण ओसरायला लागलं की तो हळूहळू मोकळा होतो, आणि तोवर पिल्लाच्या शरीराला त्याची ओळख पटलेली असते. प्रतिपिंड जास्त पडले तर विषाणू मेल्यात जमा, मग शरीर शिकणार कुणाकडून? कमी पडले तर पिल्लूच जायचं. सगळी कला प्रमाणात आहे.

हिराबाईनं ताटातली नांगी उचलली. "असं सरल सांग ना. बाजारात चिंबोरी कशी नेताव? जिती, नांगी बांधून. मोकली सोडली तर बोट तोडील. मेली तर तिला कोन घेत नाय. सुतली अशी बांधायची की तिनी हलावं पन चावू नये."

तीस वर्षांत आमच्या गोदामात कंपन्यांची किती माणसं आली, रंगीत चित्रं लावून ही गोष्ट समजावून गेली. एवढी नीट मला कुणीच सांगितली नव्हती.

थर्मास मी उशाशी घेऊन झोपले. निळा डबा स्वयंपाकघरात ठेवला आणि मनीषाला बजावलं, हा गार राहिला पाहिजे बरं का. तिनं मान हलवली. माझी चूक एवढीच की मी निम्मंच सांगितलं.

दुसरा दिवस: मीठ आणि बर्फ

सकाळी अंगणात नुसता चिवचिवाट. सत्याहत्तर अंड्यांतली चौसष्ट फुटली होती. हिराबाई एकेका कोंबडीच्या पोटाखाली हात घालून पिल्लं टोपलीत काढत होती आणि कोंबड्या तिच्या मनगटावर चोची मारत होत्या. सिमेंटच्या गोणींवर बसून रुपेश चहा पीत होता. त्यानं पिल्लं स्वतः मोजली, कारण पैज आकड्यावर होती.

अकराच्या होडीनं डॉक्टर अनुजा आली. दंडावर बॅग, डोक्यावर हेल्मेट, आल्या आल्या तिनं हात धुतले आणि म्हणाली, "काकू, आणा तुमचा खजिना." मी थर्मास दिला. कुपी उत्तम. मग स्वयंपाकघरातून निळा डबा आणला आणि झाकण उघडलं. डबा काठोकाठ बर्फाच्या चुऱ्यानं भरलेला, वर मूठ मूठ खडेमीठ, आणि मध्ये बाटली दगडासारखी गोठलेली. तिच्यावर तीन भाषांत लिहिलं होतं की गोठवू नये.

मनीषा पदराला हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा फुललेला होता. "मावशी, तुम्ही दोनच पाकिटं ठेवलेली ना, मला भीती वाटली. पापलेट लांब पाठवतो तसं मीठ मारून बर्फ भरला काल रात्री. चार दिवस हलणार नाय."

कोळ्याच्या घरात गार ठेव म्हटलं की एकच अर्थ होतो. मिठानं बर्फ आणखी थंड होतो हे तिला पिढ्यान्‌पिढ्यांपासून ठाऊक. मी दिलेली वस्तू तिनं घरातल्या सगळ्यात महागड्या माशासारखी जपली होती, आणि त्यामुळेच वाट लागली होती.

"सुनेन डाव साधल्यान," हे माझ्या कानात म्हणाले. मला क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मी तोंड उघडलंही होतं. पण डॉक्टरनं बाटली हातात घेऊन ही चालणार नाही म्हटल्यावर मनीषाचा चेहरा असा पडला की मला माझीच लाज वाटली. हिराबाई टोपलीवर फडकं झाकत राहिली.

रुपेश गोणीवरून उठला. "झालं मग," तो म्हणाला. वाईट मनानं नाही म्हणाला, पण म्हणाला.

मनीषा गर्रकन वळली. "काय झालं? कुणाचं झालं? तू गप्प बस रे जरा." मग डॉक्टरकडे बघून, "मॅडम, दुसरी बाटली कुठे मिळेल?"

डॉक्टरच्या दहिसरच्या दवाखान्यात फ्रीजमध्ये तसल्याच पाण्याची एक बाटली होती. संध्याकाळपर्यंत आली तर चालेल, ती म्हणाली. तिनं दवाखान्यात फोन केला. मनीषानं नवऱ्याच्या खिशातून स्कूटरची चावी काढून घेतली, निळ्या डब्यातला बर्फ मोरीत ओतला आणि डबा उचलून निघाली. काल राहिलेला निम्मा नियम मी घाईत सांगितला, तेव्हा ती एकदाच थांबून म्हणाली, "मावशी, ते पाकीट कसं हलवायचं सांगा." मी दाखवलं. तिनं कानाशी धरून तसंच हलवून बघितलं.

पुढचे पाच तास या प्रवासातले सगळ्यात लांब. प्रवासवर्णनात वाट बघणं वगळतात म्हणून मीही वगळते, फक्त दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे तळलेले ताजे बोंबील. चिंतेत असताना माणूस जास्त खातो, हे मला त्या दुपारी कळलं. दुसरी म्हणजे ह्यांनी डॉक्टरला विचारलेला प्रश्न.

"माणसांका नाय काय असली लस?"

"प्रयत्न चालू आहेत, काका," ती म्हणाली. "जुनाट हिपॅटायटिस बीसारख्या आजारात अशी जोडी औषध म्हणून देऊन बघितलीय. शरीर ज्या विषाणूकडे काणाडोळा करायला शिकलंय, तो प्रतिपिंडासकट समोर आणला तर पुन्हा लक्ष देईल, अशी कल्पना. पण माणसात प्रमाण जमवणं सोपं नाही. इथे कोंबड्या आपल्या पुढे आहेत."

ह्यांनी टोपलीकडे जरा आदरानं बघितलं.

चारनंतर ओहोटी लागली आणि हिराबाई खाडीकडे बघून आली. पाणी उतरलं की होडी धक्क्यापर्यंत येत नाही, दूरच थांबते. साडेचार झाले, पाच वाजले. डॉक्टर घड्याळ बघायची, मग बॅग आवरल्यासारखं करायची आणि पुन्हा बसायची. रुपेश दोनदा दारापर्यंत जाऊन आला. तिसऱ्यांदा गेला तो आलाच नाही. बऱ्याच वेळानं आळीच्या टोकाला दोघं दिसली. मनीषा पुढे, मांड्यांपर्यंत काळा चिखल, डोक्यावर निळा डबा. मागे रुपेश, तोही तेवढाच चिखलात, बायकोच्या चपला हातात घेऊन. स्कूटर पलीकडेच राहिली होती.

"पाणी वाजलं तेव्हाच पाकीट घातलं, मावशी," ती म्हणाली. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं घाई केली तर त्याला तिनं थांबवलं होतं. मी झाकण उघडून बाटली गालाला लावली. अगदी हवी तशी गार. मी तिला जवळ घेतलं आणि माझी साडी चिखलानं भरली.

डॉक्टरनं लस कालवली आणि दोन तासांचं घड्याळ सुरू झालं. मी एकेक पिल्लू मुठीत धरायची, ती मानेच्या मागची कातडी चिमटीत उचलून सुई टोचायची, हिराबाई दुसऱ्या टोपलीत सोडायची. पिल्लू मुठीत धरलं की त्याचं काळीज बोटांना लागतं. चौसष्ट पिल्लं व्हायला अर्धा तास पुरला. बाटलीत अजून नऊशेच्या वर डोस होते आणि बातमी तोवर आळीभर पसरली होती.

मग लोक यायला लागले. एक बाई बदक घेऊन आली. एकानं पिंजऱ्यासकट लव्हबर्ड आणले. एक मुलगी मांजर घेऊन आली आणि मांजर टोपली बघून भलतंच खूश झालं. शेवटी समोरचे आजोबा खुर्ची घेऊन आले, धोतर वर केलं आणि डॉक्टरला म्हणाले, उरली असेल तर ह्या गुडघ्याला दे. डॉक्टरनं हसू दाबत सगळ्यांना समजावलं की ही फक्त कोंबडीच्या पिल्लांची आहे. आजोबांना ते पटलं नाही. औषधात माणसापेक्षा कोंबडी वरचढ कशी, असं ते जाताना पुटपुटत होते. उरलेले नऊशे डोस डॉक्टरनं जंतुनाशकात ओतून नीट संपवले आणि सुया डबीत बंद केल्या.

निघताना तिनं हिराबाईला स्पष्ट सांगितलं, "आजी, खात्री देत नाही. तुमच्या मातीत रोग आहे. खुराडं कोरडं ठेवा, पिल्लांकडे बाहेरचं कुणी येऊ देऊ नका."

"खात्री दर्या पन देत नाय," हिराबाई म्हणाली.

घरी, आणि मग परत

तिसऱ्या दिवशी आम्ही मुलुंडला परतलो. सोसायटीत विचारलं, काय पाहिलंत? मी म्हटलं, बर्फ. मीठ घातलेला.

पुढचा महिना मी फोनवर काढला. हिराबाई रोज सकाळी आकडा सांगायची. पहिल्या आठवड्यात एक पिल्लू कोंबडीच्याच पायाखाली गेलं. दोन घारीनं उचलली. एक त्या मांजरानं नेलं. चौथ्या आठवड्यात शेजारच्या आळीत पिल्लं मरायला लागली आणि फोनवर तिचा आवाज बारीक झाला. मी ह्यांच्यावर उगाच ओरडायची. एका सकाळी फोनच आला नाही. दुपारी मनीषाचा आला, "मावशी, आई खुराड्यासमोर बसल्यात, उठतच नायत. तीन पिल्लं गेली. बाकीची चरतायत." दुसऱ्या दिवशीही चरत होती. तिसऱ्या दिवशीही.

दीड महिना झाला त्या दिवशी आम्ही पुन्हा घोडबंदरचा वळसा घातला. रुपेशनं आमच्या समोर मोजायला घेतलं. आता ती पिल्लं राहिली नव्हती, चांगली तरणी कोंबडी-कोंबडे झाली होती आणि मोजून घ्यायला मुळीच तयार नव्हती. तो एका कोपऱ्यातून सुरुवात करायचा तोवर दुसऱ्यातली पहिल्यात यायची. तीनदा चुकला. चौथ्यांदा मनीषानं दाणे टाकले तेव्हा आकडा लागला. सत्तावन्न.

"अंगण तुझं, आई," रुपेश म्हणाला. चांगल्या तोंडानं म्हणाला. हिराबाईनं नुसती मान हलवली आणि आत जाऊन चहा ठेवला. मला वाटलं होतं, ती रडेल, नाचेल, निदान त्याला चार शब्द सुनावेल. मी तिच्या वतीनं एक-दोन तयारही ठेवले होते.

चहा झाल्यावर ती पुन्हा अंगणात आली. भेंडीच्या झाडापासून सरळ चालत निघाली आणि टाचेनं जमिनीवर रेघ ओढली, कुंपणापर्यंत. "ह्या बाजूला तुझी खोली बांध," ती मुलाला म्हणाली. "एकच. दुसरी नाय."

माझं डोकंच फिरलं. मी तिला बाजूला ओढलं. त्या बाटलीपायी आमचा जीव टांगणीला लागला, सून चिखलातून आली, महिनाभर मी धड जेवले नाही, आणि जिंकल्यावर तू निम्मं अंगण असं वाटून टाकतेस?

ती माझ्याकडे बघून हसली. "हरली असती तर त्यानी घेतलं असतं गो. आता मी देतंय."

डोळ्यांत पाणी आलं ते मी वाऱ्यावर ढकललं. तोवर रुपेश आतून टेप घेऊन आला. त्यानं एक टोक झाडाशी धरलं आणि दुसरं धरायला कुणीतरी हवं म्हणून माझ्या हातात दिलं. मी ते तिच्या रेघेवर धरून उभी राहिले. आकडा लिहायला तो कागदाकडे वळला तेव्हा हिराबाईनं मला डोळा मारला, आणि मी माझं टोक हळूच वीतभर त्याच्या खोलीच्या बाजूला सरकवलं, कोंबड्यांना तेवढीच जास्त जागा.